प्लेटलेटचा आकडा पुन्हा तोच आला, म्हणून तो खरा ठरत नाही

प्रश्न विचारणारे तंत्रज्ञ कोथरूडमधल्या एका छोट्या लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला एकटेच काम करतात. यंत्र पांढऱ्या पेशींचे तीन भाग करून देणारे, साधे आहे. ऑगस्टमध्ये तापाच्या एका रुग्णाच्या प्लेटलेट ४२,००० आल्या. शंका वाटून त्यांनी सॅम्पल रिपीट केले, तेव्हा ३९,००० आल्या, आणि दोन्ही आकडे जुळतात म्हणून रिपोर्ट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या लॅबमध्ये त्याच रुग्णाच्या प्लेटलेट १,८५,००० निघाल्या. नातेवाईक येऊन बोलून गेले, डॉक्टरांचा फोन आला, आणि मालकांनी सर्व्हिस इंजिनिअरला बोलावून यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची जुळणी, बदलून घेतले. चूक यंत्राची की सॅम्पलची, हे रिपोर्ट जाण्यापूर्वी ओळखायचे कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. गेल्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरून बर्फाच्या पॅकसह स्कूटरवर आलेल्या, एका आजींच्या सॅम्पलमध्ये एमसीएचसी (तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचे प्रमाण) ४५ आले होते, तेही यंत्राचेच असेल का, असे त्यांनी जाता जाता विचारले आहे.

कॅलिब्रेशनला हात लावायला नको होता, हे आधी सांगते, कारण आता त्याचे निस्तरावे लागेल. एका रुग्णाचा एक आकडा विचित्र आला आणि त्याच दिवशी बाकीच्या रुग्णांचे आकडे व कंट्रोल (आकडे आधीच माहीत असलेले, यंत्र तपासायचे रक्त) ठीक होते, तर यंत्र त्या एकाच रुग्णापुरते बिघडले असे होत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः हीच चूक केली होती. एका सॅम्पलचे हिमोग्लोबिन पटेना म्हणून कॅलिब्रेशनचा फॅक्टर, म्हणजे यंत्र ज्याने आकडा गुणते ती संख्या, बदलला, आणि दुपारपर्यंत गेलेले सगळे रिपोर्ट संध्याकाळी माघारी मागवावे लागले. ते सॅम्पल नुसते नीट न हलवलेले होते. तुमच्या यंत्रावर आज कंट्रोलच्या तिन्ही पातळ्या लावा, आलेखावर मागच्या महिनाभराच्या ठिपक्यांशी त्या जुळतात का ते पाहा, आणि जुळत नसतील तर इंजिनिअरला जुना फॅक्टर परत घालायला सांगा.

आता मूळ मुद्दा. तीच ट्यूब पुन्हा लावली की यंत्र स्वतःशी किती सुसंगत आहे एवढेच कळते. ट्यूबमध्ये जे झाले आहे ते दुसऱ्यांदा लावल्याने बदलत नाही. ४२ आणि ३९ हे आकडे जुळले, याचा अर्थ यंत्र उत्तम चालले होते. त्याने दोन्ही वेळा तीच चुकीची गोष्ट इमानाने मोजली.

ती गोष्ट काय, हे समजायला यंत्र काय मोजते ते डोळ्यांसमोर आणावे लागेल. वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली ज्या तत्त्वाचे अमेरिकी पेटंट मिळाले, त्याच तत्त्वावर तुमचे यंत्र चालते. क्षारयुक्त द्रवात सोडलेल्या पेशी एका बारीक छिद्रातून जातात, प्रत्येक पेशी जाताना विजेचा अडथळा क्षणभर वाढतो, आणि त्या धक्क्याची उंची पेशीच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. यंत्राला पेशी दिसत नाही, तिचा आकार तेवढा कळतो. साधारण २ ते २० फेम्टोलिटरचा (पेशींच्या आकारमानाचे अतिसूक्ष्म एकक) कण आला की प्लेटलेट, आणि ३५ च्या पुढचा आला की तांबडी पेशी. दुसऱ्या कप्प्यात लाइझ नावाचे द्रावण घालून तांबड्या पेशी फोडल्यावर ३५ च्या वर जे उरेल ते पांढरी पेशी. या सीमारेषांवर कोण कोणाच्या रांगेत घुसले, एवढे पाहिले की आकड्यांची बरीचशी कोडी सुटतात.

तुमच्या रुग्णाच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या असाव्यात. दहा-वीस प्लेटलेटची गुठळी २० फेम्टोलिटरच्या सीमेत बसत नाही, म्हणून ती प्लेटलेटमध्ये धरली जात नाही. लाइझने प्लेटलेट फुटत नाहीत, म्हणून मोठी गुठळी दुसऱ्या कप्प्यात लहान पांढऱ्या पेशींच्या, म्हणजे लिम्फोसाइटच्या, जागी मोजली जाते. म्हणजे प्लेटलेट खोट्या कमी आणि पांढऱ्या पेशी किंचित खोट्या जास्त. त्या दिवशीचे हिस्टोग्राम (पेशींच्या आकारांचे आलेख) यंत्रात साठवलेले असतील तर उघडून पाहा. प्लेटलेटची रेषा उजवीकडे खाली टेकण्याऐवजी अधांतरी संपलेली दिसेल, आणि पांढऱ्या पेशींच्या आलेखाची सुरुवात शून्यापासून न होता वर उचललेली असेल. यंत्राने बहुधा फ्लॅगही, म्हणजे इशाऱ्याची खूण, दिला असेल. संध्याकाळी पंचवीस ट्यूब रांगेत असताना फ्लॅगकडे दुर्लक्ष होते, हे मला माहीत आहे, कारण मीही ते केले आहे.

आकडा एक लाखाच्या खाली आला आणि त्या रुग्णाचा आधीचा रिपोर्ट तुमच्याकडे नसेल, तर आधी ट्यूब उघडून लाकडी काडी तळापर्यंत फिरवून बाहेर काढा. काडीला जेलीसारखा धागा आला तर ते सॅम्पल गोठलेले आहे, त्यावर आणखी वेळ घालवू नका, नवे मागवा. काडी स्वच्छ आली तर स्मिअर करा, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरवा. पावसाळ्यात पुण्यातल्या दमट हवेत स्मिअर आपोआप नीट वाळत नाही आणि तांबड्या पेशींत चकचकीत भोके दिसू लागतात, म्हणून ती पंख्याखाली झटपट वाळवा. लीशमनच्या रंगाने रंगवून आधी लहान भिंगाखाली स्मिअरच्या शेपटीकडे जा. गुठळ्या जड असतात, त्या पसरताना ओढल्या जाऊन शेपटीला आणि कडांना जमतात. नुसते मधले क्षेत्र पाहून ‘प्लेटलेट कमी’ असा शेरा मारणाऱ्यांच्या नजरेतून त्या नेमक्या सुटतात. शेपटीला जांभळट, दाणेदार पुंजके दिसले की यंत्राचा आकडा बाद. कधी प्लेटलेट न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीभोवती कडे करून बसलेल्या दिसतात. प्रकार वेगळा असला तरी यंत्राच्या आकड्याचे तेच होते.

पुंजके नसतील तर तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात अशा भागात ऑइल इमर्शनखाली दहा क्षेत्रे मोजून सरासरी काढा आणि तिला १५,००० ने गुणा. खरोखर ४२,००० असतील तर एका क्षेत्रात तीनच्या आसपास प्लेटलेट दिसतील. बारा-तेरा दिसत असतील तर संख्या पावणेदोन-दोन लाखांच्या घरात आहे. १५,००० हा गुणक प्रत्येक मायक्रोस्कोपला तंतोतंत लागू पडत नाही, कारण आयपीसनुसार क्षेत्राचा आकार बदलतो. आकडे नि:शंक असलेल्या वीस-तीस सॅम्पलवर तुम्ही आपल्या मायक्रोस्कोपचा गुणक एकदा काढून भिंतीवर लावून ठेवा.

गुठळ्या दोन कारणांनी होतात आणि दोन्हींचे उपाय निराळे आहेत. शीर सापडेना म्हणून सुई आत फिरवली, सिरिंजमध्ये रक्त रेंगाळले, ट्यूब वेळेवर उलटीसुलटी केली नाही, तर गोठण्याची क्रिया सुरू होते. हा रक्त काढण्यातला दोष आहे, आणि स्वच्छ टोचून घेतलेले दुसरे ईडीटीए (ट्यूबमधले, रक्त गोठू न देणारे रसायन) सॅम्पल बरोबर येते. दुसरे कारण ईडीटीए स्वतः. काही माणसांच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात की ईडीटीएने कॅल्शियम धरून ठेवल्यावर प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचा झाकलेला भाग उघडा पडतो आणि त्या तिथे जाऊन चिकटतात. हे शरीरात घडत नाही, ट्यूबमध्ये घडते. माणूस ठणठणीत असतो, आणि या एका आकड्यापायी त्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते.

दोन्हींतला फरक ओळखायला त्या रुग्णाला पुन्हा बोलवा, एकाच टोचणीत एक ईडीटीएची आणि एक निळ्या झाकणाची सायट्रेटची (रक्त गोठू न देणारे दुसरे रसायन) ट्यूब घ्या, आणि घड्याळ लावून मोजा. आमच्याकडे अशा एका बाईंच्या ईडीटीए ट्यूबमध्ये लगेच १,९२,००० होत्या, अर्ध्या तासाने १,२०,००० आणि तासाभराने ६१,०००, तर सायट्रेटची ट्यूब तासभर १,७२,००० वर होती. असा उतार दिसला की निदान झाले. सायट्रेटमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून त्या आकड्याला १.१ ने गुणायचे, म्हणजे त्या बाईंच्या १,८९,००० झाल्या. हे गुणणे विसरले जाते. सायट्रेटची ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसेल तर गुणाकारालाही अर्थ राहत नाही. क्वचित एखाद्याच्या गुठळ्या सायट्रेटमध्येही होतात. तेव्हा रक्त थेट एक टक्का अमोनियम ऑक्झलेटमध्ये घेऊन न्यूबॉअर चेंबरमध्ये (मोजणीसाठी चौकटी आखलेल्या काचेत) हाताने मोजावे लागते. बोटातून घेतलेल्या रक्तात आकडा थोडा कमीच येतो, हे तेव्हा लक्षात ठेवावे.

चेंबरची मोजणी हल्ली कोणी शिकवत नाही, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. वीसपट पातळ केलेले रक्त चेंबरमध्ये भरून, ओल्या फिल्टर पेपरच्या झाकलेल्या पेट्री डिशमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवून, मधल्या एक चौरस मिलिमीटरमध्ये १०० प्लेटलेट दिसल्या तर आकडा २०,००० होतो. पण १०० मोजलेल्या गोष्टींचा नैसर्गिक चढउतारच वर्गमुळाइतका, म्हणजे १० चा असतो, आणि त्याच्या दुप्पट धरली तर तीच संख्या १६,००० ते २४,००० मध्ये कुठेही येऊ शकते. यंत्र जास्त कण मोजते म्हणून त्याची अनिश्चितता कमी असते, पण इतक्या खाली तीही जाणवते. डेंग्यूच्या वॉर्डबाहेर ‘सकाळी अठरा होत्या, आता बावीस झाल्या, पपईच्या पानांचा गुण आला’ असे आनंदाने सांगणाऱ्या नातेवाइकांना मी काही बोलत नाही, पण डॉक्टरांना मात्र सांगते की या दोन आकड्यांत फरक आहे असे मला म्हणता येणार नाही.

खोट्या कमी प्लेटलेटने आरडाओरड होते, म्हणून ती चूक निदान पकडली तरी जाते. मला जास्त भीती खोट्या जास्त आकड्याची वाटते. लोहाच्या तीव्र कमतरतेत किंवा थॅलेसेमिया मायनरमध्ये तांबड्या पेशी इतक्या लहान होतात की काही पेशी आणि त्यांचे तुकडे प्लेटलेटच्या रांगेत जाऊन बसतात. एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) ६० च्या आसपास असलेल्या तरुणीला डेंग्यू झाला आणि खऱ्या प्लेटलेट २५,००० असताना यंत्राने ७०,००० दाखवल्या, तर कोणीही तक्रार घेऊन येणार नाही. म्हणून एमसीव्ही ६५ च्या खाली आणि प्लेटलेट लाखाच्या खाली, असा जोड दिसला की आकडा कितीही विश्वासार्ह वाटो, स्मिअर पाहिल्याशिवाय रिपोर्ट सोडू नका.

डेंग्यूच्या दिवसांतली आणखी एक फसगत वॉर्डमधून येते. सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढले जाते, आणि मग काल हिमोग्लोबिन ११.६, पांढऱ्या पेशी ४,२००, प्लेटलेट ९०,००० असलेल्या रुग्णाचे आज ७.४, २,७०० आणि ५८,००० येतात. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात, साधारण एक-तृतीयांशाने उतरले आणि एमसीव्ही जागचा हलला नाही, तर रक्तात पाणी मिसळले आहे असे समजा. त्याच ट्यूबच्या जोडीला साखरेचे सॅम्पल असेल आणि डेक्स्ट्रोज चालू असेल, तर साखर आकाशाला भिडलेली दिसेल. डेंग्यूत रक्तद्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपला की हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा) चढतो, आणि डॉक्टर त्या चढण्याकडेच डोळे लावून बसलेले असतात. पातळ झालेल्या सॅम्पलने तो धोका झाकला जातो.

कालच्या रिपोर्टशी तुलना करताना एमसीव्हीवर भरवसा ठेवा. रक्त चढवलेले नसेल तर तो दोन दिवसांत ७२ वरून ९० वर जात नाही. गेला असेल तर बहुतेक वेळा ट्यूब दुसऱ्याच माणसाची असते. एकाच सोसायटीतून घरपोच सॅम्पल गोळा करणाऱ्या मुलाने सासूचे लेबल सुनेच्या ट्यूबला लावल्याचे आम्ही असेच पकडले आहे.

आता आजींचे एमसीएचसी. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन किती मावते याला मर्यादा आहे, ३७-३८ च्या पुढे ते जात नाही, म्हणून ४५ हा आकडा कोणत्याही आजाराचा नसतो, तो मोजणीतल्या गडबडीचा असतो. जानेवारीत पहाटे पुण्यात पारा दहाच्या खाली उतरलेला, सिंहगड रस्त्यावरून स्कूटरवर आलेले आणि बर्फाच्या पॅकला चिकटून बसलेले सॅम्पल, आणि वयस्कर रुग्ण, एवढ्यावरून माझा पहिला अंदाज कोल्ड ॲग्लुटिनिनचा आहे. थंडीत तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात, यंत्र दोन-तीन पेशींना एक मोठी पेशी समजते, म्हणून तांबड्या पेशींची संख्या घसरते आणि एमसीव्ही चढतो. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजतात, त्यामुळे ते खरे राहते. समजा तांबड्या पेशी १९ लाख, एमसीव्ही ११८ आणि हिमोग्लोबिन १०.२ आले. हिमॅटोक्रिट २२.४ होतो आणि एमसीएचसी ४५.५. तीच ट्यूब ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवून, हलवून, गरम असतानाच लावली की पेशी ३४ लाख, एमसीव्ही ९० आणि एमसीएचसी ३३.३ येते. ट्यूब हातात तिरकी धरली तर काचेवर वाळूसारखे कण सरकताना दिसतात, आणि ऊब मिळाली की ते विरघळतात. एकदा पाहिले की माणूस विसरत नाही. गरम करून आलेले आकडे रिपोर्ट करा, आणि कोल्ड ॲग्लुटिनिनचा संशय आहे असे डॉक्टरांना कळवा, कारण त्यामागे कधी संसर्ग तर कधी लिम्फोमा (लसिका-ग्रंथींचा कर्करोग) असतो.

एमसीएचसी चढले पण एमसीव्ही आणि तांबड्या पेशी नेहमीच्याच असतील, तर ट्यूब थोडा वेळ उभी ठेवून वरचा द्रव पाहा. तो दुधासारखा असेल तर चरबीच्या गढूळपणामुळे हिमोग्लोबिन खोटे वाढले आहे. सेंट्रिफ्यूज करून वरचा रक्तद्रव मोजून काढा, तितकेच सलाइन घाला, नीट मिसळून पुन्हा लावा. तांबड्या पेशींची संख्या आधीइतकीच आली तरच ही अदलाबदल बरोबर झाली असे माना, आणि हिमोग्लोबिन तेवढे दुसऱ्या मोजणीतून घ्या. द्रव लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत. त्या ट्यूबमध्ये फुटल्या असतील तर सॅम्पल नवे हवे, रुग्णाच्या शरीरात फुटत असतील तर ती तातडीची बातमी आहे. पांढऱ्या पेशी लाखांत असलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णातही गढूळपणामुळे हिमोग्लोबिन फुगते. तिथे सॅम्पल पातळ करून मोजावे.

पांढऱ्या पेशींबद्दल थोडक्यात. नवजात बाळाचे आकडे वर आले की स्मिअरवर केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी मोजा, कारण लाइझने त्यांचे केंद्रक उरते आणि पांढऱ्या पेशींत धरले जाते. शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा ६० असतील तर ४२,००० चे २६,२५० होतात: ४२,००० गुणिले १०० भागिले १६०.

मग यंत्राची चूक कधी मानायची? एकापाठोपाठच्या अनेक रुग्णांत एकच आकडा एकाच बाजूला सरकला, तर. रुग्ण बदलत राहतात, पण त्यांच्या एमसीएचसीची सरासरी फारशी बदलत नाही, हे धरून ब्रायन बुल यांनी १९७४ मध्ये वीस-वीस रुग्णांच्या सरासरीवर लक्ष ठेवायची पद्धत मांडली. तुमच्या यंत्रात ती असेलही, फक्त कोणी चालू केलेली नसेल. सकाळपासून सगळ्यांची एमसीएचसी ३६ च्या वर दिसली तर हिमोग्लोबिनचा कप्पा, लाइझची बाटली किंवा डायल्युएंट (रक्त पातळ करायचा द्रव) पाहा. मोजणीला नेहमीपेक्षा जास्त सेकंद लागू लागले तर छिद्रात काहीतरी अडकले आहे. नुसता डायल्युएंट लावून बॅकग्राउंड, म्हणजे रक्ताविना येणारा आकडा, घ्या. प्लेटलेटचा बॅकग्राउंड बहुतेक यंत्रांत दहा हजारांच्या आत हवा. आमच्या एका जुन्या जागेत तो दिवसातून चार-पाच वेळा उगाच चढायचा, इंजिनिअर दोनदा येऊन हात हलवत परत गेले, आणि शेवटी कळले की रीएजंटच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याच प्लगवर होता व अर्थिंग नावापुरते होते. विजेचा खडखडाट यंत्र प्लेटलेट म्हणून मोजत होते.

आणि ट्यूब हलवणे. आठ-दहा वेळा, सावकाश, पूर्ण उलटी. ट्यूब गळ्यापर्यंत भरली असेल तर आत बुडबुडा फिरायला जागाच उरत नाही आणि रोटरवर तासभर ठेवूनही रक्त मिसळत नाही. अर्धवट भरली असेल तर ईडीटीए जास्त होऊन पेशी आक्रसतात. रक्त काढणाऱ्या मुलाला रेषा दाखवून द्या. हे सांगायला मालकांची परवानगी लागत नाही.

तुमच्या त्या रुग्णाची स्लाइड अजून ठेवलेली असेल तर आज शेपटी पाहा. नसेल तर त्यांना फोन करून, पैसे न घेता, दोन ट्यूबसाठी बोलवा. ईडीटीएमधला उतार दिसला तर रिपोर्टवर यंत्राचा आकडा छापू नका. ‘ईडीटीएमध्ये प्लेटलेटच्या गुठळ्या, सायट्रेटमध्ये मोजलेली व १.१ ने गुणलेली संख्या इतकी’ असे लिहा, आणि त्याच मजकुराचे एक लहान कार्ड त्यांना पाकिटात ठेवायला द्या. पुढच्या वेळी ते कुठल्याही लॅबमध्ये गेले तरी तिथल्या संध्याकाळच्या पाळीच्या मुलाच्या हाती आधी ते कार्ड पडेल.